दुखण्याचं नाव

उत्तन,
ता. १२ ऑक्टोबर १९४४

प्रिय आयडाबाय,

देवाच्या कृपेने मी इकडे बरी आहे. तू, रेमंड आणि दोघी मुली सुखरूप असाल अशी आशा करते. तुझं पत्र शनिवारी पोचलं. रस्ता अजून चिखलाचा आहे, त्यामुळे भाईंदरहून टपाल रखडतच येतं.

तुझ्या सासूबाईंचं वाचून फार वाईट वाटलं. या वयात खुब्याचं हाड मोडलं म्हणजे माणूस खाटेला लागतं. तू दिवसभर इस्पितळात, रेमंड रेल्वेच्या कचेरीत, आणि घरी म्हातारं माणूस एकटं. तुझी किती ओढाताण होत असेल ते माझ्याशिवाय कोणाला कळणार?

तू लिहिलंस, आई गेल्यावर तुझं तिथं कोण राहिलं, आता माझगावला ये, सासूबाईंपाशी बस, मुलींनाही मावशीचा लळा लागेल. वाचून डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, आई गेल्यापासून मला या घरात हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. सकाळी जाग आली की अजून मी उठून तिच्या खाटेकडे जाते. तिथे गेल्यावर आठवतं. मग तशीच चुलीकडे वळते.

यायला माझी ना नाही. पण बाय, माझी पाठ. आई शेवटी शेवटी अगदी काडीसारखी झाली होती, तिला उचलायला मला काही वाटत नसे. तुझ्या सासूबाई अंगाने केवढ्या आहेत. शिवाय तुमचे तीन जिने. तूच मला सांगितलं होतंस, कार्मिन, वाकू नको, जड उचलू नको, मणका सरकला तर पाय जातील. तुझा शब्द मी आजवर मोडला नाही. कंबरेला पट्टा बांधल्याशिवाय अंगणातसुद्धा उतरले नाही. लग्नकार्यात सगळ्या जणी नाचतात तेव्हा मी भिंतीला टेकून टाळ्या वाजवते. चर्चमध्ये मिस्साला गुडघे टेकत नाही, बसूनच राहते. आता नवीन आलेली माणसं मला म्हातारीच समजतात. एक आईचं सोडून मी काही उचललं नाही. तिला उचलायला दुसरं कोण होतं?

सिस्टरांच्या दवाखान्यात आता दर मंगळवारी भाईंदरहून एक डॉक्टरीण येते. कोठारे बाई म्हणून. आपली शेजारची कृष्णाबाई मानेच्या दुखण्याने किती हैराण होती, तिला त्यांनी मानेचे व्यायाम शिकवले आणि ती आता पुन्हा डोक्यावर हंडा घेते. ती माझ्या मागे लागली आहे, "तू पन जाऊन ये गो, बसून काय होतंय?" मी म्हणत होते, मुंबईच्या साहेब डॉक्टरने पाहिलेली पाठ, त्यात ही बाई नवीन काय सांगणार? पण तुझ्याकडे यायचं तर एकदा विचारून यावं, किती वजन चालेल, जिने चालतील का. तुझ्यावर आणखी एका आजारी माणसाचा भार पडायला नको.

बोंबील यंदा लवकर आले आहेत. वाळवणीच्या मांडवांवर दोऱ्या बांधायचं काम चालू आहे. सुकले की तुझ्यासाठी निवडक बाजूला ठेवते. मुलींना माझे मुके.

तुझी लाडकी धाकटी,
कार्मिन

*

उत्तन,
ता. २९ ऑक्टोबर १९४४

प्रिय आयडाबाय,

मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळव.

डॉक्टरणीकडे जाऊन आले. चांगली बाई आहे, घाई करत नाही. काय म्हणाली ते मागाहून लिहीन. आज दुसरंच विचारायला बसले आहे.

बारा वर्षांपूर्वी मी पडले तेव्हाचं तुला आठवतं का? मीच आठवून बघते, चुकलं तर सांग. नोव्हेंबर महिना होता. होडीतून मासळीची पाटी घेऊन मी खडकावरून येत होते, शेवाळावर पाय गेला आणि पाटीसकट पाठीवर आपटले. चौघांनी उचलून घरी आणलं. आईच्या अंगावरून त्याच ऑगस्टात वारं गेलं होतं, तिची उजवी बाजू लुळी. एका खोलीत दोन खाटा. तू इस्पितळात नर्सिंग शिकत होतीस. मला तिकडे घेऊन गेलीस आणि तुमच्या साहेब डॉक्टरला दाखवलंस. तो बोलत होता, तू मान हलवत होतीस, मला इंग्रजीतलं काहीच समजत नव्हतं. मी आपली तुझ्या तोंडाकडे बघत होते.

घरी आल्यावर तू आईला आणि मला सांगितलंस. मणका नाजूक झाला आहे, जन्मभर जपायला हवं, आणि लग्नाचा विचार नको, पोटुशी राहिली तर उठणार नाही.

जानेवारीत माझं आणि फ्रँकचं लग्न होतं. फादरांना सांगून झालं होतं. तू मुंबईला परत गेलीस आणि फ्रँकला सांगायचं माझ्यावर आलं. तो चौकातल्या खुरसापाशी, त्या दगडी क्रुसापाशी, भेटला. हे मी तुला कधी लिहिलं नाही. तो म्हणाला, "मंग काय झालं? पोरं न्हाय झाली तर न्हाय झाली."

मी म्हटलं, "तसं न्हाय. माजा जीव जाईल, आयडाबाय बोलली."

"आयडा बोलली म्हंजे डाक्टर बोलला काय?"

मला त्याचा राग आला. मी म्हटलं, "ती नर्स हाय. ती काय खोटं बोलेल?"

त्यावर तो वळला आणि समुद्राकडे निघून गेला. पुढच्या वर्षी त्याने गोराईची मुलगी केली. तीन मुलं आहेत, मिस्साला पुढच्या बाकावर बसतात.

तेव्हा आयडाबाय, त्या दिवशी डॉक्टर काय काय म्हणाला ते मला पहिल्यापासून लिहून पाठव. तू नर्स आहेस, तुझ्या लक्षात असेल. बरं असेल, वाईट असेल, जसं असेल तसं लिही. मी रागावणार नाही.

गुरुवारी मृतांचा सण. आईचा पहिलाच. तू येशील ना? येणार असलीस तर भाईंदरला उतरून टांगा कर, मी वाट बघते.

तुझी,
कार्मिन

*

उत्तन,
ता. १९ नोव्हेंबर १९४४

आयडा,

तुझं पत्र आणि पार्सल मिळालं. पार्सलात पट्टा निघाला. चांगला आहे, विलायती दिसतो, आतून फ्लॅनेल लावलेलं. सोबत मलमाची बाटली.

तू लिहिलंस की जुन्या गोष्टी उकरून काय मिळतं. डॉक्टर तेच म्हणाले होते जे तुला सांगितलं, मणका नाजूक आहे. भाईंदरच्या डॉक्टरणीचं मनावर घेऊ नको, हा पट्टा बांध आणि इकडे निघून ये. खाली लिहिलंस, सासूबाईंना जपून उचलशील, आईला उचलत होतीसच. दोन्ही गोष्टी एकाच पानावर आहेत. लिहिताना तुझ्या ध्यानात आलं नसेल.

मी रागावणार नाही असं मागच्या पत्रात लिहिलं ते खरं नव्हतं. तेव्हाच मला सगळं कळलेलं होतं. तरी विचारलं. वाटलं, आपली आयडाबाय आता तरी लिहील.

त्या मंगळवारी काय झालं ते ऐक. डॉक्टरीणबाईंनी मला पालथं निजवलं. एकेक मणका बोटाने ठोकून पाहिला. पाय सरळ उचलायला लावले, टाचांवर चालवलं, पुढे वाकवलं. मी भीत भीत वाकले. मग म्हणाल्या, "तुमच्या पाठीत काही दोष नाही. आखडली आहे, कारण तुम्ही ती वापरतच नाही. एवढा घट्ट पट्टा कोणी बांधायला सांगितला?"

मी म्हटलं, "बाई, नीट बघा. जुनं दुखणं हाय. मुंबईच्या साहेब डॉक्टरने तपासलंय."

"त्यांनी दुखण्याला काही नाव दिलं होतं का?"

नाव मला माहीत होतं. तुला आठवत नसेल तर मी आठवण देते. त्या दिवशी तो साहेब शेवटी हसला, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि एक शब्द बोलला. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसल्यावर मी तुला विचारलं, "बाय, तो शेवटाला काय बोलला?" तू डोक्यावरच्या टोपीची पिन काढलीस, पुन्हा लावलीस. मग म्हणालीस, "ते तुज्या दुखण्याचं नाव हाय. पन कोनापुढं बोलू नको. लोक म्हनतील, आयलापन आजार, पोरीलापन आजार, त्यांच्या रक्तातच काय तरी हाय."

मी कोणापुढे बोलले नाही. फ्रँकपुढे नाही, फादरांपुढे नाही. आईलासुद्धा सांगितलं नाही. फक्त रोज जपमाळ संपली की ते नाव घेऊन मी मारियामातेला म्हणायचे, हे माझ्या अंगातून काढून घे.

डॉक्टरीणबाईंना मी ते सांगितलं. "गुडाजन्यू."

त्यांना समजलं नाही. म्हणाल्या, "हळू म्हणा." मी हळू म्हटलं. त्यांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. कपाटात औषधं लावणारी सिस्टर होती, तीही थांबली. बाई म्हणाल्या, "हे दुखण्याचं नाव नाही. ते डॉक्टर इंग्रजीत म्हणाले, ‘गुड ॲज न्यू’, म्हणजे तुम्ही पुन्हा अगदी पहिल्यासारख्या ठणठणीत व्हाल."

मी विचारलं, "कधी?"

त्या म्हणाल्या, "तेव्हाच. महिन्या-दोन महिन्यांत."

घरी येताना वाटभर मी तुझी बाजू घेत होते. म्हटलं, तेव्हा ती नवीन होती, तिला इंग्रजी नीट कळलं नसेल. मग आठवलं, तू बांद्र्याच्या नन्सकडे शिकलेली, इंग्रजीत पहिली आलीस म्हणून बापाने गावभर केळी वाटली होती. म्हटलं, माझी काळजी म्हणून जास्त सांगितलं असेल. पण काळजी होती तर व्हरांड्यात बसून नाव कशाला बनवलंस?

दारापाशी पोचेपर्यंत बाजू घ्यायला काही उरलं नाही. आईची खाट दिसली आणि उलगडा झाला. मी जानेवारीत लग्न करून गेले असते तर आईपाशी कोणाला तरी राहायला हवं होतं. बाप आधीच गेलेला, आपण दोघीच. थोरली तू. तुझं शिक्षण अर्धं राहिलं असतं आणि रेमंड काही थांबणारा माणूस नव्हे. तुला माझगावला जायचं होतं. मी इथे राहायला हवी होते, आणि कुरकुर न करता राहायला हवी होते.

तू मला नुसतं म्हणाली असतीस, कार्मिन, तू थांब, मला जाऊ दे. मी रडले असते, तुझ्याशी भांडले असते, पण थांबले असते. फ्रँकला म्हटलं असतं, आईजवळ राहायला ये. तो आला असता असं मला वाटतं. खुरसापाशी जो माणूस म्हणाला की पोरं न्हाय झाली तर न्हाय झाली, त्याला आईची खाट जड झाली नसती. तू विचारलंच नाहीस. माझ्याच तोंडून त्याला घालवलंस, आणि वर माझ्याकडून स्वतःचे आभार मानून घेतलेस. किती पत्रांत मी लिहिलं आहे, तू होतीस म्हणून मी वाचले.

फ्रँकला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. त्याच्या बायकोने माझं काय वाईट केलं आहे?

हे सगळं मी एक दिवस गिळलं असतं. आपण एका आईच्या. पण आईचं मला गिळता येत नाही.

तू तिलाही तेच सांगितलं होतंस. मला जड उचलायची मनाई आहे, मणका सरकला तर पोरीचे पाय जातील. आणि तिला उचलणारी मीच. दरवेळी मी तिच्या काखेत हात घातले की ती डोळे मिटायची आणि म्हणायची, "येशू, माज्या पोरीची पाठ सांभाळ." तिचं ओझं मला लागत नव्हतं, तिला लागत होतं. पुढे पुढे तिने पाणी पिणं सोडलं. पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठायचं म्हणजे मी आले. ऐन वैशाखात तांब्या भरलेला राहायचा. ओठ फुटायचे. लघवीला आग व्हायची, थंडी वाजून ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. शेवटचा तापही तसाच होता. आई त्यानेच गेली असं मी लिहीत नाही. तिचं वय झालं होतं. पण ती तहानेली राहिली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि तूही पाहिलं आहेस. गेल्या नाताळात तू आली होतीस. तू तिच्यापुढे पेला धरलास, तिने तो हाताने सारला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाली, "हिला तरास." तू तिला समजावलंस की पाणी प्यायला पाहिजे, नाहीतर ताप येतो. एवढंच बोललीस. त्या वेळी एका वाक्याने तिला पाणी पिता आलं असतं, आयडा. ते वाक्य तुझ्याजवळच होतं. माझं लग्न केव्हाच मोडून गेलं होतं, तुझं सगळं मनासारखं झालं होतं. तुझं काय जात होतं?

मी माझगावला येणार नाही. तुझ्या सासूबाईंचं काही तरी बघ. पट्टा परत पाठवत आहे, त्यांच्या उपयोगी पडेल. मलम ठेवून घेतलं आहे, कारण सध्या लागतं.

लागतं ते यासाठी. डॉक्टरीणबाईंनी मला व्यायाम दिले आहेत. पालथं पडून छाती उचलायची, मांजरासारखी पाठ वर-खाली करायची, आणि रोज चालायचं. मी पट्टा सोडला तो पहिला दिवस वाईट गेला. उभं राहायला भीती वाटत होती, भिंत धरूनच फिरले. मग एकदा कृष्णाबाईच्या मांडवावर गेले आणि तिच्याबरोबर बोंबील टांगले. येताना रिकामी पाटी डोक्यावर घेतली. ती माझ्याकडे बघतच राहिली. "गो कार्मिन, तुजी पाठ?" मी म्हटलं, "हाय जागेवर."

दुसऱ्या दिवशी सगळं अंग ठणकत होतं. पोटऱ्या, दंड, पाठीच्या दोन्ही बाजू. मी घाबरले, म्हटलं, आयडा खरं सांगत होती. मंगळवारची वाट बघून पहिली जाऊन बसले. बाई हसल्या. म्हणाल्या, "हे दुखणं चांगलं आहे. न वापरलेलं अंग वापरलं की असंच दुखतं. दोन दिवस हलकं काम करा, मलम चोळा, पुन्हा सुरू करा." तसंच झालं. आता भरलेली पाटी घेते. गेल्या रविवारी मिस्साला गुडघे टेकले. शेजारच्या बायका माना वळवून बघत होत्या. मी रडत होते, त्यांना वाटलं भक्तीने.

या हंगामात कृष्णाबाईच्या मांडवावर काम करणार आहे. माझं मला पुरेल. माझं वय चौतीस आहे आणि पाठ ठणठणीत आहे. हे लिहायलाच मला विचित्र वाटतं. इतकी वर्षं जे अंग मी काचेचं म्हणून सांभाळलं ते माझंच होतं आणि धडधाकट होतं. ते तू मला कुठून परत देशील?

मृतांच्या सणाला तू आली नाहीस. ड्यूटी होती म्हणून लिहिलंस, असेल. मी एकटीच आईच्या कबरीवर मेणबत्ती घेऊन गेले. आजूबाजूला माणसं होती म्हणून वाकून हळू बोलले. म्हटलं, "आय, माजी पाठ बरी हाय. तवाच बरी झाली व्हती." मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. पण वाटलं नाही. ती होती तेव्हाही मी तिला रोज हेच सांगत होते, मला दुखत न्हाय, तू पाणी पी. आणि ती म्हणायची, "माज्या मनासाठी बोलतेस तू."

म्हणून तू ये. माझ्याकडे नको, घर बंद असेल. सरळ कबरस्तानात जा. तिच्यापाशी उभी राहा आणि तिला सांग की कार्मिनची पाठ मोडलेली नव्हती, तुझ्या ओझ्याने तिला काही झालं नाही. माझ्या बोलण्यावर तिचा कधी विश्वास बसला नाही. तू शिकलेली, तू नर्स. तुझं ती खरं मानायची.

आईजवळ राहिली ती,
कार्मिन